सासूबाई, मी आणि बॅलीमोरची शेवटची बस

आमच्या घरापासून बसस्टॉप चालत दहा मिनिटांवर आहे, हे आम्हाला ईडन प्रेरीत घर घेतल्यावर नऊ वर्षांनी कळलं, आणि तेही सांगलीहून आलेल्या सासूबाईंकडून.

सासूबाई रोज सकाळी फिरायला जात. एके दिवशी त्या परत आल्या त्या नवा खंड सापडल्याच्या आनंदात. "मेधा, अगं कोपऱ्यावर बस थांबते! ड्रायव्हरशी बोलले मी. सोमालियाचा आहे. चांगला माणूस. त्यांच्याकडे केळी होतात."

(सासूबाईंनी उभा जन्म सांगलीच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. माणूस भेटला की त्या आधी त्याचा देश विचारतात, मग पाऊसमान, मग मुख्य पिकं. नाव शेवटी, वेळ उरला तर.)

अमेरिकेत त्यांची पंचाईत अशी झाली होती, की विचारायला माणूसच सापडेना. गॅरेजमधून गाडीत, गाडीतून दुकानात, दुकानातून गाडीत आणि गाडीतून पुन्हा गॅरेजमध्ये. मुक्काम संपत आला तरी त्यांचं अमेरिकन माणसांशी जे काही बोलणं झालं होतं, ते बहुतेक दुकानाच्या काउंटरवर, आणि तेही कागदी पिशवी हवी की प्लॅस्टिकची, एवढ्यापुरतं.

"ते काही नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात मी चालले. त्याआधी मला एकदा बसने कुठेतरी ने. गाडीने नको. गाडीत आपलीच माणसं असतात."

कुठे जायचं, तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. लायब्ररीतून त्या एक माहितीपत्रक घेऊन आल्या होत्या. बॅलीमोर, इथलंच, मिनेसोटातलं ऐतिहासिक आयरिश गाव. दगडी चर्च, छोटंसं म्युझियम, एक कॅफे. बस्स, संपलं गाव.

"अगं, मी तो धडा शिकवायचे वर्गात. आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला, माणसं उपाशी मेली, उरलेली बोटीत बसून अमेरिकेला गेली. धडा संपला! दर वर्षी एखादं पोर विचारायचं, बाई, पुढे काय झालं त्यांचं? आता मला काय माहीत, कप्पाळ! मी म्हणायचे, पुढचा धडा उघडा." बोलता बोलता त्यांचा चेहरा त्या पोरांसारखाच झाला. "मला त्या लोकांना भेटायचंय. पुढे काय झालं ते त्यांनाच विचारते."

मला सासूबाईंचं फार कौतुक वाटलं. त्यांच्या वयाच्या बायका अमेरिकेत येऊन नायगारा बघायचा म्हणतात. ह्यांना आयरिश लोकांची ख्यालीखुशाली विचारायची होती!

निखिल, म्हणजे माझा नवरा, यावर हसला. "आई, बॅलीमोर दीड तासावर आहे. संडेला मी ड्राइव्ह करतो ना! इथे बसने कोणी जात नाही."

"कोणी जात नाही, तर सरकार ती रिकामी कशाला फिरवतं?"

"आणि नेणार कोण? मेधा? यार, ती मॉलच्या पार्किंगमध्ये हरवते!"

हे मला झोंबलं. झोंबायचं कारण असं, की ते खरं होतं. मी गाडी चालवते, पण गावातल्या गावात. हायवेला लागायची वेळ आली, की धावत्या गाड्यांमध्ये मर्ज होताना माझे डोळे आपोआप मिटतात (मिटू नयेत, हे मला मान्य आहे). आमच्या आसपासच्या सगळ्या मराठी घरांना ही गोष्ट माहीत आहे आणि सगळे मला त्यावर न मागता सल्ले देतात.

"आम्ही दोघी जाणार, आणि परतही आमच्या आम्ही येणार," मी जाहीर केलं. "तू न्यायला यायचं नाही!"

"आणि यावं लागलं तर?"

"तर सोमवारपासून हायवे ड्रायव्हिंगचा क्लास लावते!"

माणसाने रागात स्वयंपाक करावा, घर झाडावं, पण पैज लावू नये. निखिलने लगेच हात पुढे केला, सासूबाई साक्षीदार झाल्या आणि माझी मान अडकली. सासूबाईंना हवं होतं आयर्लंड. मला हवं होतं एवढंच, की कसंही करून निखिलच्या गाडीत न बसता संध्याकाळी घरी पोहोचायचं.

प्रवास सरळ होता (असं मला कागदावर वाटलं). आमच्या कोपऱ्यावरून मिनियापोलिसची बस, तिथून लांब पल्ल्याची बस जिल्ह्याच्या गावाला, आणि तिथून बॅलीमोरला जिल्ह्याची मिनीबस. ही मिनीबस आदल्या दिवशी फोन करून बोलवावी लागते. मी फोन केला.

"कशासाठी जायचंय?" पलीकडच्या बाईने विचारलं. "डॉक्टर की किराणा?"

"बघायला."

"काय बघायला?"

"बॅलीमोर."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आमच्या इथे असं याआधी कोणी मागितलेलं नाही," ती शेवटी म्हणाली. "पण कायद्याने बंदी नाही. परतीची बस तीनला म्युझियमसमोरून. दिवसातली शेवटची. दारात उभ्या राहा. ड्रायव्हर पाच मिनिटं थांबते आणि जाते."

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. सासूबाईंच्या खांद्याला पिशवी, पिशवीत दशम्या, लसणाची चटणी, दह्याचा डबा, केळी आणि शेंगदाण्याचे लाडू. दोघींच्या एका दिवसाच्या सहलीला एवढं अन्न होतं, की वाटेत दुष्काळ पडला असता तरी आम्हाला बोटीत बसावं लागलं नसतं.

पहिली बस वेळेवर आली. ड्रायव्हर तोच, सोमालियाचा. त्याने सासूबाईंना "गुड मॉर्निंग, टीचर" म्हटलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्या ओळखीने मला सीट मिळाली होती.

लांब पल्ल्याची बस मात्र जवळजवळ रिकामी. आम्ही दोघी आणि मागे एक झोपलेला तरुण. सासूबाई चपळाईने चढल्या आणि त्यांनी पहिल्या सीटवर पिशवी ठेवली.

"आई, बस रिकामी आहे."

"आत्ता आहे. पुढच्या स्टँडवर गर्दी झाली म्हणजे? जागा धरून ठेवलेली बरी. आपण जरा मागे बसू, इथे ऊन येतंय. ऊन सरकलं की पुढे येऊ."

रिकाम्या बसमध्ये पिशवी ठेवून जागा धरणारी बाई त्या ड्रायव्हरने आयुष्यात प्रथमच पाहिली असावी. आम्ही मागे बसून बाहेरचा मका पाहत राहिलो. ऊन काही सरकलं नाही. जिल्ह्याचं गाव आलं, आम्ही मागच्या सीटवरून उठलो, ड्रायव्हरला थँक यू म्हटलं आणि उतरलो. बस निघून गेली. पहिली सीट शेवटपर्यंत आमचीच होती. दशम्या तिच्यावर बसून पुढे गेल्या.

"माझी पिशवी!" सासूबाई ओरडल्या. हात वर करून त्या चार पावलं धावल्यासुद्धा. पण ती सांगली आगाराची बस नव्हती. ती गेली.

"जाऊ दे, आई. बॅलीमोरला कॅफे आहे," मी म्हटलं. मनातून मला लाडवांचं फार वाईट वाटत होतं.

मिनीबसची ड्रायव्हर व्हिकी नावाची गप्पिष्ट बाई होती. बसमध्ये एकच आजोबा होते. सासूबाईंनी तोडक्यामोडक्या पण निर्भय इंग्रजीत त्यांचं पाऊसमान विचारून घेतलं. त्यांनी तिथल्या बर्फाबद्दल जे सांगायला सुरुवात केली, ते उतरेपर्यंत संपलं नाही. सासूबाई खूश होत्या. "बघ, गाडीने आलो असतो तर हे कळलं असतं का?"

बॅलीमोरला व्हिकीने आम्हाला म्युझियमसमोर सोडलं. म्युझियमला कुलूप. दारावर चिठ्ठी: 'तीननंतर परत येऊ.' शेजारच्या कॅफेला कुलूप. तीच चिठ्ठी. पोस्ट बंद, दुकान बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अख्ख्या गावात एक सिग्नल होता, तो कोणासाठी हिरवा होत होता देव जाणे!

"हे गेले कुठे सगळे?" सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा बोटीत बसले की काय?"

पोटात कावळे ओरडत होते. आम्ही रिकाम्या रस्त्याने चर्चपर्यंत गेलो आणि गाव सापडलं. चर्चभोवती गाड्याच गाड्या. बाजूच्या हॉलमधून हसण्याचा आवाज येत होता, कोणीतरी फिडल वाजवत होतं आणि भाजलेल्या बटाट्याचा घमघमाट सुटला होता. सासूबाई दारात थांबल्या. आत लांब लांब टेबलं, लोक जेवतायत, बायका वाढतायत, पोरं टेबलांखालून पळतायत.

"पंगत बसलीये," त्या म्हणाल्या. "देवळात पंगत, म्हणजे महाप्रसाद."

"आई, इथे असं न बोलावता..."

"महाप्रसादाला बोलावणं कशाला लागतं? आणि नाही म्हणू नये प्रसादाला."

मी आणखी काहीतरी पुटपुटणार होते. पण तेवढ्यात एप्रन घातलेली एक बाई आली आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, "कम इन, कम इन! खूप आहे, सगळ्यांना पुरेल!"

सासूबाईंनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. आम्ही आत गेलो.

टेबलावर बटाटे उकडलेले होते, कुस्करलेले होते, भाजलेले होते आणि सॅलडमध्येही होते. मिनेसोटाचं लाडकं हॉटडिशही होतं. त्यावरही बटाटेच, पण खाली मांस. तेवढं मी सासूबाईंच्या ताटापासून दूर ठेवलं. बाकी सगळं त्यांनी घेतलं. "मेधा, बघ तरी! ज्याने ह्यांना देशोधडीला लावलं, त्यालाच ह्यांनी सोडलं नाही. केवढी माया!"

भिंतीशी एका फळ्यावर एका गृहस्थांचे फोटो लावले होते. गणवेशातला तरुण, ट्रॅक्टरवरचा बाप्या, मासा हातात धरलेले आजोबा. शेजारी मोठा केक. मध्ये खुर्चीत निळ्या झग्यातल्या एक आजी बसल्या होत्या आणि येणारा-जाणारा त्यांना मिठी मारत होता.

"सहस्रचंद्रदर्शन दिसतंय," सासूबाईंनी निदान केलं. "त्या आजींच्या यजमानांचं."

मलाही पटलं. (फोटोला हार असता तर आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं! पण हार नव्हता. हार नाही म्हणजे माणूस आहे. इतकं साधं गणित आहे आपलं.)

जेवण झालं. सासूबाई अस्वस्थ होऊ लागल्या. "कार्यात जेवलो आणि तसंच उठायचं? बरं दिसत नाही. पिशवी असती तर लाडू तरी दिले असते." त्यांनी पर्स चाचपली. पर्समध्ये निघाली कुंकवाची डबी. त्यांचा चेहरा उजळला. "त्या बाईंना कुंकू लावून येते. सवाष्ण आहे, तीही एवढ्या वयाची. भाग्य लागतं!"

त्या उठून गेल्या. मी शेजारी बसलेल्या काकांकडे वळले. त्यांचं ताट अजून भरलेलं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी हसत विचारलं, "ज्यांच्यासाठी ही पार्टी आहे, ते कुठे दिसत नाहीत?"

"मायकेल?" बटाटा गिळत ते म्हणाले. "त्याला सकाळीच पुरलं."

मी मान वळवली. हॉलच्या मधोमध माझ्या सासूबाई, त्याच सकाळी नवऱ्याला पुरून आलेल्या बाईच्या कपाळावर, अंगठ्याने, ठसठशीत, कुंकू रेखत होत्या!

मी धावले. वाटेत एक खुर्ची आणि एक पोरगं ओलांडलं. पण उशीर झाला होता. आजी, त्यांचं नाव नोरा, कपाळाला हात लावत होत्या आणि सासूबाई हात जोडून प्रसन्न उभ्या होत्या.

"आई," मी त्यांच्या कानात म्हटलं, "हे मयताचं जेवण आहे. ह्यांचे यजमान गेले. आजच पुरलं."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं बाई! हे मी काय करून बसले!"

"हे काय आहे? सुंदर आहे!" नोराआजींनी विचारलं. "याचा अर्थ काय?"

माझ्या डोक्यात विजेच्या वेगाने खोटं तयार झालं. "हे आदराचं चिन्ह आहे," मी म्हटलं. "आमच्याकडे सगळ्या ज्येष्ठ..."

"नो, नो," सासूबाईंनी मला थांबवलं. आयुष्यभर चुकीची उत्तरं खोडून दुरुस्त करून लिहायची सवय, ती अशी कशी जाईल? त्यांनी नोराआजींचा हात हातात घेतला. "धिस इज फॉर हजबंड्स लाँग लाइफ. सॉरी. आय केम लेट."

आसपासच्या चार माणसांनी माना वळवल्या. फिडलवालाही थांबला. मला त्या क्षणी बॅलीमोरच्या जमिनीने पोटात घेतलं असतं, तर मी मायकेलशेजारी आनंदाने गेले असते.

नोराआजींनी सासूबाईंकडे टक लावून पाहिलं. मग त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "लाँग लाइफ? अगं, एक्याण्णव वर्षं जगला तो! आणखी लांबलं असतं, तर मीच आधी गेले असते!" मग डोळे पुसत म्हणाल्या, "राहू दे हे. त्याला आवडलं असतं. लाल रंग त्याचा लाडका. बस इथे, माझ्याजवळ."

सासूबाई बसल्या. दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या आणि दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं, पण मी ते नॅपकिनच्या नावावर खपवलं.

त्यानंतर जे झालं, त्याला मी जबाबदार नाही. नोराआजींच्या बहिणीने "मलाही" म्हणून कपाळ पुढे केलं. मग तिच्या सुनेने, मग एप्रनवाल्या बाईने. रांग लागली! सधवा, विधवा, घटस्फोटिता, कुमारिका, कोणाचाच कोणाला पत्ता नाही. शेवटी चर्चचे फादरसुद्धा रांगेत येऊन उभे राहिले. "ह्यांना कसं लावू?" सासूबाईंनी मला मराठीत विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता उभं गंध लावून टाकलं.

मग सासूबाईंनी इतकी वर्षं मनात ठेवलेला प्रश्न विचारला. बटाट्यावर रोग पडला, तुमचे लोक बोटीत बसले, इथवर आम्हाला ठाऊक आहे. पुढे काय झालं?

नोराआजी सरसावून बसल्या. त्यांचे पणजोबा एक फावडं घेऊन आले, रेल्वेची माती खणली, पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या पायाचं एक बोट गेलं. त्यांनी घरी पत्र लिहिलं, की इथे भयंकर थंडी आहे, कोणीही येऊ नका. पुढच्या वर्षी अर्धं गाव आलं!

"निखिलनेही आम्हाला फोनवर हेच सांगितलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "थंडी आहे, येऊ नका. पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ आला. मग दोन आतेभाऊ. आता मुख्य पीक कोणतं तुमचं?"

"मका."

"बटाटा नाही?"

"खातो. पिकवत नाही. एकदा तोंड पोळलं ना!"

हे मी सासूबाईंना मराठीत सांगितल्यावर त्यांनी टाळीच दिली. मी त्यांना इतकं खुललेलं चार महिन्यांत पाहिलं नव्हतं. प्रश्नावर प्रश्न चालले होते, दोन्ही बाजूंनी. नोराआजींना हळद कुठे पिकते ते हवं होतं. आता हा प्रश्न सांगलीच्या बाईला विचारल्यावर वेळेचं काय होणार? मी दोघींमध्ये दुभाषी म्हणून बसले आणि स्वतःच रंगून गेले. हळदीला पाणी किती लागतं, इथवर आम्ही आलो, तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे गेलं.

आम्ही पळालो. सासूबाई साडी वर खोचून पळाल्या. म्युझियमच्या कोपऱ्यावर पोहोचलो, तर मिनीबसची पाठ दिसली. सासूबाईंनी हात केला, मी हाक मारली, सिग्नल आमच्यासाठी लाल झाला. बस गेली. दिवसातली शेवटची बस.

मी रस्त्याच्या कडेला धापा टाकत उभी होते आणि नेमका तेव्हाच निखिलचा मेसेज आला. 'सगळं ओके? येऊ का न्यायला?' शेवटी दात काढणारा चेहरा. मी लिहिलं, 'मुळीच नको. मस्त चाललंय.' माझ्या डोळ्यांसमोर हायवे आणि त्यावर डोळे मिटून मर्ज होणारी मी दिसायला लागले.

हॉलमध्ये परत आलो. नोराआजींनी सगळं ऐकलं आणि हाक मारली, "डेनिस!"

डेनिस म्हणजे त्यांचा पुतण्या. चांगला आडवातिडवा, हसरा माणूस, काळा सूट, कपाळाला आमचं कुंकू. तो मिनियापोलिसलाच परत निघाला होता. "ईडन प्रेरी? वाटेवरच आहे. चला की! माझी गाडी रिकामीच जातेय."

मी मनातल्या मनात गणपतीला नारळ बोलले. डेनिसची गाडी चर्चच्या मागे होती. आम्ही मागे गेलो. ती लांब होती. काळी होती. चकचकीत होती. मागच्या काचांना पडदे होते.

"डेनिस," मी क्षीण आवाजात विचारलं, "तुम्ही काय करता?"

"अंत्यविधीचं काम. काकांना मीच आणलं सकाळी," तो अभिमानाने म्हणाला आणि त्याने पुढचं दार उघडलं. "जुनी गाडी आहे. पुढे तिघं आरामात मावतात."

"आई," मी म्हटलं, "ही शववाहिनी आहे."

सासूबाईंनी गाडीला पुढून मागून न्याहाळलं. "अगं, एक ना एक दिवस सगळ्यांनाच बसायचंय. पुढे बसून जायला मिळतंय, ते काय वाईट?" आणि त्या खिडकीशी जाऊन बसल्यासुद्धा! मी पदरी पडलं पवित्र झालं म्हणत मध्ये बसले. नोराआजींनी चर्चमधली उरलेली पांढरी फुलं सासूबाईंसाठी मागे ठेवायला लावली.

खोटं नाही सांगत, हायवेवर इतकी निर्धास्त मी कधीच नव्हते. आम्ही मर्ज व्हायला लागलो, की गाड्या आपोआप मागे थांबत. कोणी हॉर्न वाजवेना, कोणी ओव्हरटेक करेना. एका ट्रकवाल्याने आम्हाला पाहून टोपी काढली. सासूबाईंनी त्याला खिडकीतून नमस्कार केला. बिचाऱ्याचा ट्रक जरा हेलकावला.

वाटेत सासूबाईंनी डेनिसला धंद्याबद्दल विचारलं. उन्हाळ्यात काम जास्त की हिवाळ्यात, जमीन गोठल्यावर कसं खणता. डेनिसला कोणी इतक्या आस्थेने कधी विचारलं नव्हतं. तो घर येईपर्यंत बोलत होता.

आमच्या गल्लीत शिरलो, तेव्हा निखिल पुढच्या अंगणात गवत कापत होता. त्याने मशीन थांबवलं. काळी गाडी हळूहळू येऊन आमच्याच दारात उभी राहिली. डेनिस उतरला आणि सवयीने आधी मागचं दार उघडून फुलं काढायला लागला. निखिल मटकन गवतावर बसला आणि त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं.

"निखिल!" मी पलीकडून उतरत ओरडले. "आलो आम्ही! आमच्या आम्ही!"

त्याने गाडीकडे बोट केलं. "ही... बस आहे?"

"सार्वजनिकच म्हणायची," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्यांसाठी असते."

निखिल रडतोय की हसतोय, ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. त्याने आम्हा दोघींना असं घट्ट धरलं, की मला पैज जिंकल्याचं सांगायचंही सुचेना. डेनिसला चहा दिला, सासूबाईंनी त्याला भारतात यायचं आमंत्रण दिलं आणि तो गेला.

अर्ध्या तासाने बेल वाजली. दारात समोरच्या घरातल्या देशपांडे काकू. डोळे लाल, पदर खांद्यावरून घेतलेला, हातात झाकलेलं पातेलं. त्यांनी खिडकीतून काळी गाडी पाहिली होती, फुलं पाहिली होती आणि डोकं धरून बसलेला निखिल पाहिला होता. पुढचं बघवेना, म्हणून त्यांनी पडदा ओढला होता आणि बेसन कालवायला घेतलं होतं. ज्या घरी माणूस जातं, त्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो. अमेरिकेत आलं म्हणून काय झालं?

दार सासूबाईंनी उघडलं. त्या धडधाकट उभ्या आहेत हे पाहून काकू क्षणभर गोंधळल्या. मग त्यांच्या सगळं लक्षात आलं. त्यांनी पातेलं निखिलच्या हातात दिलं आणि सासूबाईंच्या गळ्यात पडून हुंदका दिला.

"सांभाळा हो, आता तुम्हीच धीर धरायचा. तरी मी ह्यांना म्हणत होते, मेधाने त्या हायवेच्या नादी लागू नये. पण काही म्हणा, पोर गुणी होती हो! हसतमुख! तिच्यासारखी सून शोधून सापडायची नाही."

"काकू," मी मागून म्हटलं, "मी आहे."

काकू इतक्या दचकल्या, की सासूबाईंना त्यांना खुर्चीत बसवून पाणी द्यावं लागलं. सगळी हकीकत ऐकल्यावर त्यांनी आधी देवाला हात जोडले, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "केस कापलेस वाटतं? शोभत नाहीत तुला."

पिठलं मात्र अप्रतिम झालं होतं. मी तीनदा वाढून घेतलं. खोटं कशाला बोलू, मी जिवंत असताना काकूंनी माझ्यासाठी एवढ्या प्रेमाने कधी काही केलं नव्हतं!